गोडाची चव नसलेल्यांचा मधुमेह

मांजराला गोड कळत नाही. ही नुसती समजूत नाही. जिभेला गोडाची जाणीव व्हायला जे दोन जनुक लागतात, त्यांतला एक मार्जारकुळात केव्हाच निकामी झालेला आहे, असे अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. घरच्या मांजराप्रमाणेच वाघ आणि चित्ता यांचीही तीच गत. मांजराने बर्फीला तोंड लावलेच, तर ते दुधातुपासाठी. साखर त्याच्या गावीही नसते. अशा या प्राण्याला मधुमेह व्हावा, आणि त्याच्यासाठी दिवसातून दोनदा सुई घेऊन बसण्याची वेळ विलेपार्ल्यातल्या मध्यमवर्गीय घरांवर यावी, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. पण त्या विनोदाच्या आड औषधांचा बाजार, बदललेली घरे आणि शहरातल्या पशुवैद्यकाची व्यवस्था असे बरेच काही दडलेले आहे. मांजराच्या निमित्ताने ते पाहण्यासारखे आहे.

आमच्या घरी बोका आहे. वय नऊ, वजन सहा किलो. गेल्या वर्षी तो पाण्याच्या भांड्यापासून हलेना. रेतीची पेटी दिवसातून तीनदा बदलावी लागू लागली. खाणे वाढले आणि वजन मात्र उतरत चालले. पुढे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून तो चालू लागला. हे सांगतो आहे ते कौतुक म्हणून नव्हे. ही चारही लक्षणे मांजराच्या मधुमेहाची नेमकी लक्षणे आहेत, आणि घरोघरी त्यांचा अर्थ ‘म्हातारा झाला आता’ असा लावला जातो म्हणून. वस्तुतः वेळेवर निदान झाले तर मांजराच्या बाबतीत एक आशा असते, जी माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. पहिल्या काही महिन्यांत साखर नीट ताब्यात आली, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि इन्सुलिन बंद करता येते. उशीर झाला की ही शक्यता घटत जाते.

मांजराचा मधुमेह बहुतांशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. मध्यम वय, वाढलेले वजन, बैठे आयुष्य, त्यातही नसबंदी झालेला बोका, ही त्याची ठरलेली गिऱ्हाइके. हे वर्णन वाचताना अनेक वाचकांना आपल्या घरातला दुपारी आरामखुर्चीत पेंगणारा दुसरा सदस्य आठवला असेल, तर त्यात नवल नाही. भारतात मधुमेह झालेल्या माणसांची संख्या १० कोटी १० लाखांवर गेल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याबरोबर राहणारा, आपल्याच वेळापत्रकाने खाणारा आणि आपल्याइतकाच न हलणारा प्राणी त्याच वाटेने गेला तर दोष कोणाला द्यायचा?

पार्ल्याचे मांजर पूर्वी असे नव्हते. वाड्या होत्या, कौलारू बंगले होते, तीन मजली इमारतींना मागे आवार होते. मांजर कोणा एकाचे नसे. ते सकाळी एका घरी दूध-पोळी, दुपारी कोळणीच्या पाटीभोवती मांदेलीची शेपटे आणि उरलेला वेळ उंदीर-पाली यांवर जगे. आयुष्य कमी असेल, पण पोट सुटलेले मांजर पाहायला मिळत नसे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुनर्विकासाने आवारे गेली, तळमजल्याच्या जागी मोटारी आल्या आणि मांजर सातव्या मजल्यावर, खिडकीला जाळी लावलेल्या दोन खोल्यांत गेले. त्याची नसबंदी झाली. ती व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, हे सांगायला कोणी बसत नाही. वाटीत पाकिटातले कोरडे दाणे दिवसभर भरलेले असतात, कारण दोघेही नवराबायको नोकरीला असतात. दाण्यांतल्या पिठाने मधुमेह होतोच असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. पण जन्मजात मांसाहारी असलेल्या प्राण्याला दिवसभर खाण्यासमोर बसवले की तो फुगतो आणि फुगलेल्याला हा आजार जास्त जडतो, एवढे पक्के आहे. त्यात पार्ल्यातल्या शाकाहारी घरांची आणखी एक कसरत असते. मांजराला दूध-भातावर वाढवणे म्हणजे त्याच्यावर संस्कार करणे नव्हे, उपासमार करणे आहे.

दुसरे कारण कमी बोलले जाते. खाज सुटली, केस गळले की स्टिरॉइडचे एक इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि महिन्याने पुन्हा टोचायचे, ही पद्धत अजून आहे. स्टिरॉइडमुळे मांजराला मधुमेह होऊ शकतो. औषध योग्य जागी अमूल्यच आहे. परंतु प्रत्येक वेळी ‘हे कशाचे इंजेक्शन?’ असे विचारण्याचा अधिकार पाळणाऱ्याने सोडू नये.

आता इन्सुलिनकडे वळू. या औषधाचा इतिहास प्राण्यांच्या उपकारांनी भरलेला आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोवस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि मधुमेहाचा उगम सापडला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळवले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्यानंतर साठ वर्षे जगभरच्या मधुमेही माणसांना जे इन्सुलिन मिळाले, ते खाटीकखान्यातल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. पार्ल्यातल्या कित्येक सोवळ्या आजोबांनी ते रोज टोचून घेतले आणि ते कुठून आले हे विचारले नाही. शहाणपणच होते ते. १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेले ‘मानवी’ इन्सुलिन बाजारात आले. भारतात वोक्हार्टने २००३ साली आणि बायोकॉनने २००४ साली स्वतःचे उत्पादन आणले. प्राण्यांचे इन्सुलिन मागे पडले. यात माणसाचे भलेच झाले. मात्र मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनशी सर्वांत जवळचे, अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक असलेले आहे, आणि तेच आता मिळेनासे झाले. साठ वर्षे प्राण्यांचे इन्सुलिन माणसाने घेतले; आता मांजर माणसाचे घेते.

घेते म्हणजे कसे, तर उसनवारीने. अमेरिकेत खास मांजरांसाठीचे, दर मिलिलिटरला ४० युनिटचे प्रोझिंक नावाचे इन्सुलिन २००९ साली मंजूर झाले. आपल्या नेहमीच्या केमिस्टच्या फळीवर ते दिसत नाही. तिथे असते ते माणसांचे. आणि या ठिकाणी एक विचित्र पेच उभा राहतो, जो समजून घेतल्याशिवाय घरी सुई हातात धरू नये.

भारतात इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने दर मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. पेनमध्ये घालायची काडतुसे मात्र १०० युनिटची. जगातले बहुतेक देश बाटल्यांतही १०० वर गेले; आपण ४० वर राहिलो. त्यासाठी सिरिंजही दोन जातींच्या: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. आता १०० युनिटचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत ओढले, तर एक युनिट नव्हे, अडीच युनिट जाते. सत्तर किलोच्या माणसाचे एवढ्याने कदाचित भागेल. ज्याचा सगळा डोसच बहुधा एक युनिटापासून सुरू होतो, त्या सहा किलोच्या जिवाला ही चूक महागात पडू शकते. साखर एकदम उतरते, मांजर झोकांड्या खाते, झटके येतात, वेळेवर लक्ष गेले नाही तर मरते.

गंमत अशी, की मोजायला सोपे ते ४० युनिटचेच. एका युनिटाला पाव मिलिलिटरचा दहावा हिस्सा येतो, रेघा लांब-लांब असतात, चष्मा लावून अर्धे युनिटही साधते. पण ४० च्या बाटलीत सर्वत्र सहज मिळणारे मध्यम मुदतीचे मानवी इन्सुलिन मांजराच्या अंगात बारा तास टिकत नाही. ज्याला पशुवैद्य सहसा पसंती देतात, ते ग्लार्जिन हे दीर्घ मुदतीचे इन्सुलिन. आणि ते बहुतेक ठिकाणी मिळते १०० युनिटचे. ते पाणी घालून पातळ करावे म्हटले तर तेही चालत नाही, त्याने त्याचा हळूहळू विरघळण्याचा गुणच जातो. पेनने द्यावे तर बहुतेक पेन एका युनिटाच्या खाली किंवा अर्ध्या पायरीने जात नाहीत, आणि मांजराचा डोस अर्ध्या-अर्ध्यानेच वरखाली करावा लागतो. म्हणजे जे नीट मोजता येते ते टिकत नाही आणि जे टिकते ते मोजताना हात थरथरतो. अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली छोटी, ०.३ मिलिलिटरची, १०० युनिटची सिरिंज हा यावरचा उपाय आहे. ती शोधून, एकदम दोन-तीन डबे आणून ठेवावी. लाल टोपणाच्या सिरिंज मग त्या घरात असूच नयेत. आजोबांना स्वतःच्या मधुमेहासाठी त्या लागत असतील, तर त्यांचा डबा वेगळ्या खोलीत ठेवावा. पार्ल्यात अशी दोन मधुमेही असलेली घरे थोडी नाहीत.

औषध आणायला गेलो तो प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका केमिस्टने चिठ्ठी पाहिली. “पेशंटचं वय?” मी म्हटले, “नऊ.” “आणि वजन सहा किलो? अहो काका, मुलाला काही खायला घालता की नाही?” खुलासा झाल्यावर त्याचा चेहरा पडला. जनावराच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर माणसाचे औषध देता येत नाही, असे त्याने ठासून सांगितले. हा गैरसमज बराच पसरलेला आहे, म्हणून लिहितो. औषधविषयक नियमांत ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात राज्य सरकारने मान्य केलेली अर्हता असलेला पशुवैद्यही येतो. त्याची चिठ्ठी ही चिठ्ठीच असते. पुढच्या दुकानात मिळाले. पण ज्या बाईंना दोन जिने उतरून एकाच दुकानापर्यंत जाता येते, त्यांनी काय करावे?

आणि बाजाराची दिशा काय आहे? डेटेमिर हे दुसरे दीर्घ मुदतीचे इन्सुलिन मांजरांना उत्तम लागू पडते, असा परदेशातील पशुवैद्यांचा अनुभव. नोव्हो नॉर्डिस्कने ते अमेरिकेत २०२४ अखेर बंद केले. याच कंपनीने २०२५ साली भारतात मानवी इन्सुलिनची पेनची काडतुसे टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे ठरवले. बाटल्या राहतील असे सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात दाखल झाली. दोन गोष्टींचा मेळ घातला की चित्र स्पष्ट होते. कंपन्यांचे मन आता इन्सुलिनमध्ये रमत नाही. ज्याने शंभर वर्षे जीव वाचवले, त्या औषधाला नफ्याच्या वहीत शेवटचे पान मिळू लागले आहे. मांजरासाठी तर कोणीच वही उघडलेली नाही. त्याला माणसाच्या ताटातले जे उरेल ते मिळणार. उलट बाजूला समाधानाची गोष्ट अशी, की २०२२ च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला, म्हणजे त्याच्या किमतीवर सरकारचा अंकुश आला. मांजरांचा विचार करून हे कोणी केलेले नाही, पण फायदा त्यांनाही झाला.

मग गोळी नाही का? आहे, परदेशात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मांजरांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यायचे पातळ औषध मंजूर केले. सुई नको म्हणणाऱ्यांना हे वरदान वाटेल. पण ती फक्त नव्याने निदान झालेल्या, आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत आणि साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचण्याचा धोका त्यांत आहे. अमेरिकेतून येणाऱ्या मुलाच्या पेटीतून ही औषधे मागवण्याचा बेत एका ओळखीच्या घरात शिजत होता. चाचण्यांची सोय हाताशी नसताना असे करणे म्हणजे मांजराला प्रयोगाला लावणे आहे.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. खेड्यापाड्यांत इन्सुलिनअभावी मुले दगावत असताना पार्ल्यात मांजराला इन्सुलिन? प्रश्नातली चीड मला समजते. पण हिशेब करून पाहावा. दिवसाला दोन युनिट लागणारे मांजर अठ्ठावीस दिवसांत ५६ युनिट वापरते. ग्लार्जिनच्या ३ मिलिलिटरच्या काडतुसात ३०० युनिट असतात, आणि उघडल्यावर चार आठवड्यांनी ते टाकावे असे वेष्टनावर लिहिलेले असते. म्हणजे २४४ युनिट कचऱ्यात. काही पशुवैद्य सतत फ्रीजमध्ये असलेले काडतूस अधिक दिवस वापरू देतात, ते निराळे. मांजर माणसाचे औषध पळवत नाही. पळवापळवी होते ती वेष्टनाच्या आकारात. खेड्यातल्या मुलापर्यंत औषध पोचत नाही ते शीतसाखळी नाही, डॉक्टर नाही, पट्टी नाही म्हणून. पार्ल्यातल्या बोक्याला उपाशी ठेवून ती साखळी उभी राहणार नाही.

खरा खर्च इन्सुलिनचा नसतोच. तो तपासण्यांचा आणि ये-जा करण्याचा असतो. मांजर टोपलीत कोंबून दवाखान्यात नेले की भीतीनेच त्याची रक्तातली साखर आभाळाला भिडते. म्हणून एका तपासणीवर मधुमेहाचे निदान करू नये. गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिनची तपासणी मागावी. आणि म्हणूनच घरच्या घरी कानाच्या कडेला टोचून साखर पाहणे महत्त्वाचे. माणसांचे यंत्र मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते, हे ध्यानात ठेवून आकडे वहीत लिहावेत आणि वही डॉक्टरांना दाखवावी. आकडा वाढलेला दिसला म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवू नये. मांजर जेवले नाही तर नेहमीचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. ते लटपटू लागले तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळावे आणि रिक्षा बोलवावी.

रिक्षा कुठपर्यंत, हा पुढचा प्रश्न. पश्चिम उपनगराची रिक्षा शहरात जात नाही. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. त्याच्या शेजारचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही एकोणिसाव्या शतकातले. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे अद्ययावत रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. ही मोठी माणसे सगळी माहीमच्या पलीकडे राहतात. रात्री दोन वाजता झटके आलेल्या मांजराला पार्ल्याहून तिथे न्यायचे, तर टॅक्सी मिळणे आणि मांजर टिकणे यांची शर्यत लागते. उपनगरात खासगी दवाखाने पुष्कळ झाले, त्यांतले काही चांगलेही आहेत. पण अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत मुंबईतले इतके लोक राहत असताना, सार्वजनिक पशुवैद्यकाचा नकाशा अजून घोडागाड्यांच्या काळात आखलेला राहावा, याची खंत कोणाला वाटत नाही.

घरातली मुख्य अडचण मात्र बारा तासांची आहे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला सुई. संध्याकाळी सातला माणूस चर्चगेटहून निघून लोकलमध्ये लटकत असतो. तेव्हा सुई जाते ती घरातल्या ज्येष्ठाच्या हाती. पार्ल्यात हा ज्येष्ठ बहुधा एकटाच असतो, मुले सिअॅटलला किंवा सिडनीला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची भाटी अशीच आजारी पडली. काकू सत्त्याहत्तरच्या, हाताला कंप. “मला यजमानांना टोचायची सवय होती हो, पण त्यांना चिमटीत धरावं लागत नव्हतं,” असे त्या म्हणाल्या. आता सकाळी त्या स्वतः टोचतात, संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी येते. तिला त्यांनी शिकवले: मानेमागचे कातडे वर उचलायचे, तंबू करायचा, सुई त्यात, मांजर खाण्यात गुंतलेले असताना. पंधरा सेकंदांचे काम. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत. घरगुती सुया हा घातक कचरा असून तो वेगळा द्यावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्टपणे आले. तरी त्या ओल्या कचऱ्यात सापडतात आणि टोचतात त्या सफाई कामगाराच्या हाताला.

गणपतीत काकूंना दापोलीला जायचे असते. मधुमेही मांजर ठेवून घ्यायला पाळणाघरे तयार होत नाहीत, आणि त्यांचेही बरोबर आहे. या वर्षी सोसायटीतल्या तिघांनी वार वाटून घेतले आहेत. कोणत्या वारी कोण, किती युनिट, खाल्ले का, असा तक्ता काकूंनी फ्रीजच्या दाराला चिकटवला आहे. भाटीचा डोस दोनावरून एकावर आला आहे. साखर अशीच राहिली तर तो अर्ध्यावर आणायचा की थांबवायचा, हे डॉक्टर पुढच्या आठवड्यात ठरवतील.